दादर ते दापोली : नव्या इलेक्ट्रिक सायकलचे पहिले पाच दिवस

निघण्याआधी

सायकल घरी आली डिसेंबरच्या शेवटी. मागच्या चाकाच्या मधोमध, हबमध्ये, २५० वॉटची मोटर, ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवरची बॅटरी, वजन २४ किलो. मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, म्हणून नंबरप्लेट नाही, लायसन्स नाही. कायद्याच्या लेखी ती सायकलच.

माझं वय ५६. डावा गुडघा चढावर दुखायला लागला तेव्हा डॉक्टरांनी सपाटीवर हळू चालवायला हरकत नाही असं सांगितलं होतं, पण सपाटीपुरतीच सायकल मला नको होती, म्हणून मी ती सोडूनच दिली. पंचविशीत याच किनाऱ्याने दोनदा सायकलवर गेले होते. तो रस्ता पुन्हा बघायचा होता, आणि एस.टी.च्या खिडकीतून नव्हे.

मुंबईतच पहिले ८०-९० किलोमीटर झाले तशी मागच्या चाकातून जोर लावला की टिण् टिण् यायला लागली. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने हात वर केले, "मोटरचं चाक आहे मॅडम, आपण हात लावत नाही." पुढच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या चाचांनी मात्र सायकल उलटी केली आणि चाकाची एकेक तार (स्पोक) बोटाने छेडत चाकाभोवती फिरले. सैल तारेचा आवाज बद्द येतो, ताणलेलीचा खणखणीत. अकरा तारा सैल निघाल्या. "नव्या चाकाच्या तारा पहिल्या शंभर किलोमीटरला बसतात. कुठलंही चाक घ्या. मोटरच्या चाकावर जोर जास्त, म्हणून लवकर बसतात." तारा आवळून झाल्यावर त्यांनी मला १८ नंबरचा पाना पिशवीत ठेवायला सांगितला. मोटरच्या चाकाचे नट त्याच पान्याने सुटतात आणि असा पाना गावोगावच्या पंक्चरवाल्याकडे असेलच असं नाही.

सोबतीला भाची. तिची सायकल साधी, गिअरची, वजन माझ्या सायकलच्या निम्म्याने.

दिवस पहिला : दादर – मांडवा – रेवदंडा

पहाटे साडेपाचला निघालो. शनिवार, जानेवारीचा शेवटचा आठवडा, हवेत बेताचा गारवा. रस्ते रिकामे. भाऊच्या धक्क्यावर उजाडायच्या आत पोचलो. हा धक्का बांधणारे भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. कोकणातल्या किती पिढ्या मुंबईत पहिल्यांदा उतरल्या त्या याच धक्क्यावर. माझे आजोबाही त्यातलेच. त्यांची पत्र्याची पेटी अजून घरात आहे.

मांडव्याची रो-रो बोट २०२० साली सुरू झाली आणि सायकलवाल्यांसाठी अलिबाग एकदम जवळ आलं. पनवेल-पेणचा सगळा जड वाहतुकीचा रस्ता टळतो. गाड्यांच्या मागोमाग सायकल ढकलत आत न्यायची, कठड्याला बांधायची, तासाभरात मांडवा.

मांडवा ते अलिबाग वीसेक किलोमीटर सपाट रस्ता. इथे मी मोटरची साथ तिसऱ्या लेव्हलवर ठेवली आणि बसून राहिले. पाय नुसते फिरत होते, सायकल पळत होती. दोन्ही बाजूंनी वाड्या, पोपटीसाठी रचलेली मडकी, वालाच्या शेंगांचे ढीग. एका ठिकाणी थांबून पोपटी घेतली. भांबुर्ड्याच्या पाल्याचा तो कडवट धुरकट वास हाताला दुपारपर्यंत होता. भाची घामाघूम, मी कोरडी. फार बरं वाटत होतं.

अलिबाग सोडलं तेव्हा बॅटरीच्या पाच रेघांपैकी तीन उरल्या होत्या. चौलच्या पुढे दोन. रेवदंड्याला पोचलो तेव्हा उरलेल्या दोनांतली एक लुकलुकत होती. जेमतेम ४५ किलोमीटर झाले होते, तेही सपाट. कागदावर ६० लिहिलेले. उद्या चढ आहेत आणि अंतरही जास्त, या विचाराने जेवताना माझं लक्ष नव्हतं.

मग रात्री ओसरीवर बसून नीट विचार केला. माझ्या सायकलच्या पायडलपाशी जो सेन्सर आहे तो लोहचुंबकाच्या चकतीचा. पायडल फिरतंय एवढंच त्याला कळतं. मी किती जोर लावतेय ते कळत नाही. तिसऱ्या लेव्हलला पाय हवेत फिरवल्यासारखे फिरवले तरी मोटर आपल्या परीने पूर्ण ओढते. म्हणजे दिवसभर सगळं काम तिने केलं होतं, मी फक्त खूण करत होते. जोर ओळखणारा महागडा सेन्सर असतो त्या सायकलीत असं होत नाही, तिथे पाय जितकं ढकलतील तितकीच साथ मिळते. माझ्या सायकलवर ते गणित माझं मलाच करायला हवं होतं. सपाटीला पहिली लेव्हल आणि जड गिअर, म्हणजे पायाला काम मिळेल. वरच्या लेव्हली चढासाठी राखायच्या.

ज्यांच्या घरी उतरलो त्या काकूंना चार्जर लावायला जागा मागितली तेव्हा त्या जरा घुटमळल्या. "अख्खी रात्र लावणार? बिल किती येईल हो?" प्रश्न अगदी रास्त होता. बॅटरीत मावतात ३६० वॉट-अवर. चार्जरमध्ये थोडी वाया जाते ती धरूनही अर्ध्या युनिटाच्या आतबाहेर. त्यांना सांगितलं, तुमचा पंखा रात्रभर फिरतो तेवढंच. त्यांनी लगेच फ्रीजशेजारची जागा रिकामी करून दिली आणि सकाळी माझ्याआधी उठून हिरवा दिवा लागलाय का ते बघून आल्या.

दिवस दुसरा : रेवदंडा – मुरूड – दिघी – दिवेआगर

सकाळी सातला कुंडलिकेवरचा पूल ओलांडला. खाली गाळात बगळे, समोर कोर्लईचा किल्ला समुद्रात घुसलेला. कोर्लई गावात अजूनही काही घरांत पोर्तुगीज मुळाची बोली बोलतात. रस्त्याकडेच्या टपरीवर दोन बायका बोलत होत्या, मी मुद्दाम चहा लांबवला. सूर मराठीसारखा, शब्द एकही ओळखीचा नाही.

इथून रस्ता खडबडीत झाला आणि बॅटरी खडखडायला लागली. ती फ्रेमवर एका रुळावर सरकवून कुलपाने अडकवलेली असते. कुलूप पक्कं, पण रुळात दोन-तीन मिलिमीटरची मोकळीक. आवाज तर नकोसाच, पण प्रत्येक खड्ड्याला टोकाची संपर्काची पिनं हलणार आणि झिजणार, याची मला जास्त काळजी. काशीदच्या अलीकडे पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबची पट्टी मागून घेतली, कापून रुळाच्या दोन्ही कडांना बसवली आणि बॅटरी दाबून आत घातली. खडखडाट थांबला, तो पाचव्या दिवसापर्यंत. नव्या सायकलच्या खोक्यात ही रबराची पट्टी घालून देणं काही अवघड नव्हतं.

काशीदचा किनारा गर्दीमुळे आम्ही टाळला. पुढच्या चढावर पहिल्यांदा खरी परीक्षा. गिअर हलका केला, लेव्हल चौथी. गुडघ्यावर भार येतोय असं वाटायच्या आधी मागून एक समजूतदार हात लागावा तशी सायकल वर सरकत राहिली. सहा वर्षं ज्या क्षणाला मी घाबरत होते तो येऊन निघून गेला. वर पोचल्यावर मी रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. भाची मागून आली, तिने काही विचारलं नाही, पाण्याची बाटली पुढे केली.

त्याच चढावर बॅटरीच्या रेघांनी घाबरवलं होतं. वर येताना पाचाच्या दोन झाल्या, माथ्यावर दोन मिनिटं थांबल्यावर पुन्हा चार. यात बिघाड काही नाही. मोटर जोरात वीज ओढते तेव्हा बॅटरीचा दाब (व्होल्टेज) तात्पुरता उतरतो आणि या रेघा तो दाबच मोजतात. त्यामुळे चढावर रेघा बघायच्या नाहीत. सपाटीवर, मोटर बंद असताना ज्या दिसतात त्याच खऱ्या.

मुरूडला खानावळीत जेवलो. मालकांनी आपणहून विचारलं, लावायची का चार्जिंगला? तासाभरात बॅटरी पाचवा हिस्सा भरली. मात्र उन्हातून आलेली बॅटरी गरम होती, ती आधी वीस मिनिटं सावलीत ठेवली. राजपुरीच्या बाजूने जंजिरा दिसतो, पाण्यातून सरळ उभा राहिलेला. कित्येकदा पाहिलाय, तरी नजर हटत नाही.

आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या बोटीवर चढताना २४ किलो जाणवले. उतारावर ओलं शेवाळं, सायकल मागे ओढत होती. तेव्हापासून एक सवय लावून घेतली की बोटीवर चढायचं तर आधी बॅटरी काढून खांद्याच्या पिशवीत टाकायची. तीनेक किलो तिथेच कमी होतात. बोट हलत होती म्हणून हँडलवरची पिशवी पट्ट्याने करकचून आवळली.

आणि दिघीच्या चढावर मोटर बंद पडली.

पडद्यावर सगळं ठीक. रेघा चार, लेव्हल चार, दिवे चालू. पायडल मारलं तर साथ नाही. दुपारचे तीन, सावली नाही, बाजूने ट्रक जाताहेत. मी उतरून ढकलायला लागले आणि शंभर पावलांत दम लागला. भाची म्हणाली, "मावशी, थांब. ढकलू नको. बघू या काय झालंय."

एका चिंचेखाली थांबलो. बॅटरी काढून परत बसवली. काही नाही. मोटरची वायर मागच्या चाकापाशी जिथे जोडली जाते तो जोड तपासला, बाण बाणासमोर होता. लोहचुंबकाची चकती बघितली, जागेवर. दुकानाला फोन लावला. पलीकडच्या मुलाने सर्व्हिस सेंटरला आणायला सांगितलं. सर्व्हिस सेंटर खाडीपलीकडे, आम्ही दोन दिवसांत जे मागे टाकलं त्याच्याही मागे. त्या क्षणी मला खरंच वाटलं की सायकल चुकीची घेतली आणि या पोरीला उगाच इथवर ओढून आणलं.

भाची खाली बसून पडद्याकडे बघत होती. "मावशी, हा कोपऱ्यातला छोटा गोल काय आहे? सकाळी नव्हता."

तो गोल ब्रेकचा होता.

ब्रेक दाबला की मोटर तत्क्षणी बंद व्हावी म्हणून लिव्हरच्या मुळाशी एक बारीक स्विच असतो. लिव्हर पूर्ण सुटली नाही, अगदी भाताच्या शितापुरती जरी आत राहिली, तरी सायकल समजते की मी ब्रेक दाबून धरलाय. मी डाव्या लिव्हरला बोटाने बाहेर ढकललं. गोल गेला. सोडलं, गोल आला. मग दोघींनी एकदमच पाहिलं, की बोटीवर आवळलेला पिशवीचा पट्टा ब्रेकच्या केबलवरून गेला होता आणि तिला खाली खेचत होता.

पट्टा सोडून केबलच्या खालून घेतला. मोटर सुरू.

पाऊण तास गेला होता. पण त्या पाऊण तासानंतर ही सायकल मला परकी राहिली नाही. तोवर ती माझ्यासाठी एक बंद डबा होती, बिघडली की कुणाकडे तरी न्यायची. आता तिच्यातली एक साखळी मला कळली होती : लिव्हर, स्विच, मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर, मोटर. दिवेआगरला अंधार पडता पडता पोचलो. गरम भात, सोलकढी, आणि दहाच्या आत झोप.

दिवस तिसरा : दिवेआगर – श्रीवर्धन – हरिहरेश्वर

चाळीसच्या आतले किलोमीटर, घाई नाही, बिघाड नाही. आरावीवरून जाणारा रस्ता कडेने समुद्र घेऊन चालतो, कधी सुरूच्या बनातून, कधी डोंगराच्या अंगावरून. सकाळच्या भरतीचा आवाज डावी-उजवीकडे न शोधता कानावर येत राहतो. पहिली लेव्हल, जड गिअर, पायाला काम. मोटरची घरघर समुद्रापुढे ऐकूही येत नव्हती.

मध्येच उतारावर भाची भुर्रकन पुढे निघून जायची. ताशी २५ च्या वर माझी मोटर साथ सोडते आणि मग २४ किलो एकट्या पायांनी न्यायचे, म्हणून मी त्या वेगाच्या आतच राहायची. चढावर मी पुढे, उतारावर ती.

श्रीवर्धनच्या वाड्यांत पोफळी बघत थांबलो. श्रीवर्धन म्हणजे भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचं गाव, आणि रोठा सुपारीचं. पण अनेक वाड्यांत उंच जुन्या झाडांच्या मधे मोकळं आभाळ दिसतं आणि त्याखाली कमरेएवढी, डोक्याएवढी रोपं. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ. एका वाडीवाल्या आजोबांनी पोफळीच्या बुंध्यावर हात ठेवून सांगितलं, "हे आमच्या वडलांनी लावलेलं. याच्या शेजारचे सगळे एका दुपारी गेले." विजेचे खांबही आडवे झाले होते, कितीतरी दिवस गावं अंधारात होती. माझ्या सायकलकडे बघून ते म्हणाले, "हिला वीज लागते ना? मग पायडल आहे ते बरंय." मला ते फार पटलं.

हरिहरेश्वरला ओहोटी होती म्हणून देवळामागची प्रदक्षिणा करता आली. लाटांनी कोरलेल्या त्या खडकांच्या पायऱ्या उतरताना गुडघा थोडा कुरकुरला. तिथे मोटर कुठून आणणार. हळूहळू उतरले.

रात्री बाराच्या सुमाराला वीज गेली ती पहाटेपर्यंत.

दिवस चौथा : हरिहरेश्वर – वेशवी – केळशी – हर्णै

सकाळी बॅटरीत चार रेघा. तीन दिवसांपूर्वी मी हा बेत रद्द केला असता. आता कागद घेऊन बसले. मी, सायकल आणि सामान मिळून १०७ किलो. शंभर मीटर उंच चढायला शुद्ध हिशेबाने २९ वॉट-अवर लागतात, मोटरमधली घट धरून चाळीसच्या आसपास. म्हणजे नुसत्या मोटरच्या जिवावर चढले तर प्रत्येक शंभर मीटरला बॅटरीचा नववा हिस्सा. निम्मं काम माझे पाय करणार असतील तर अठरावा. जमण्यासारखं होतं.

बागमांडल्याहून बोटीने सावित्रीची खाडी ओलांडली. पलीकडे वेशवी, रत्नागिरी जिल्हा. इथून केळशीपर्यंतचा रस्ता वरखाली, लाल कातळाचा, झाडी कमी. हब मोटरची एक मर्यादा इथे कळली. सायकलच्या गिअरचा फायदा तिला मिळत नाही, ती चाकातच बसलेली. मी गिअर हलका केला की माझे पाय सुखावतात, पण वेग फार उतरला की मोटर आतल्या आत तापते आणि वीज उष्णतेत जाते. म्हणून तीव्र चढावर पाय भरभर फिरवून वेग धरून ठेवायचा. एका लांब चढावर हात लावून बघितला तर हब चांगलाच गरम. दहा मिनिटं थांबलो, करवंदीच्या जाळीशी बसून चिक्की खाल्ली.

केळशीहून आडे, पाडले, आंजर्ले हा सगळा समुद्राला लागून. आड्याच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. पंक्चर, आणि नेमकं मोटरच्या चाकात. चाक काढायचं तर वायर सोडा, नट सोडा, अडकवणीच्या वायसरचा क्रम लक्षात ठेवा. पण पंक्चरसाठी चाक काढावंच लागत नाही. सायकल आडवी केली, टायर एका बाजूने हातभर उचकटला, तिथूनच ट्यूब बाहेर ओढली. हवा मारून गालाशी धरली तेव्हा फुसफुस लागली. टायरमध्ये बारीक तारेचा तुकडा होता, तो चिमट्याने काढला, ठिगळ लावलं, ट्यूब आत सारली. अर्धा तास. एक शाळकरी मुलगा शेवटपर्यंत उभा होता. निघताना त्याला बसवून दहा पावलं फिरवून आणलं. मोटरने पहिल्यांदा ढकललं तेव्हा तो इतक्या मोठ्याने हसला की वाडीतून कुणीतरी डोकावलं.

कड्यावरच्या गणपतीला खालूनच हात जोडले. हर्णैला पोचलो तेव्हा बंदरावर माशांचा लिलाव रंगात आला होता, पाण्यात सुवर्णदुर्ग काळा पडत चाललेला. बॅटरीत एक रेघ, स्थिर.

दिवस पाचवा : हर्णै – दापोली

दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० फूट. रात्री बॅटरी पूर्ण भरली होती, अंतर १५-१६ किलोमीटर, म्हणून चिंता नव्हती. आसूदच्या वळणांवर दोन्ही बाजूंनी पोफळी आणि नारळ, ओल्या पाटाचा वास. दुसरी लेव्हल पुरली. जिथे पाय थकायचे तिथे तिसरी, पुन्हा दुसरी. दिवेआगरपासून मी अंगठ्यानेच लेव्हल बदलत होते, पडद्याकडे न बघता.

दापोलीत शिरताना रेघा चार होत्या. भाची बारा मिनिटांनी आली, लालबुंद, आणि आल्या आल्या म्हणाली, "मावशी, चहा होईपर्यंत दे ना मला तुझी." ती माझी सायकल घेऊन आझाद मैदानाच्या बाजूला गेली. मी तिची कठड्याला टेकवून ठेवली आणि तिच्या मागच्या चाकाच्या तारा सहज छेडून बघितल्या. सगळ्या खणखणीत. माझ्या चाकाच्या मात्र दोन पुन्हा बद्द वाजायला लागल्यात, मुंबईला पोचल्यावर चाचांकडे न्यायच्या आहेत.